उणं काढणारी खानावळ

मी मुंबईला निघाले ती एक रिकामी ट्रंक घेऊन. माझी लुगडी, शिदोरी आणि तांब्या कापडी पिशवीत होता. ट्रंकेत काही म्हणजे काही नव्हतं. कराडच्या स्टेशनवर हमालाने ती उचलून बघितली आणि विचारलं, "बाई, आत काय घालायचं विसरलात का?" मी म्हटलं, "विसरले नाही. हा नमुना आहे. आतून ओरखडा पडता कामा नये." मजुरी मात्र त्याने भरलेल्या ट्रंकेचीच घेतली.

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंका होतात, हे कराडात सांगावं लागत नाही. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी आमची लांबडी शेड आहे आणि तिच्यात सकाळपासून ठोकाठोक चालते. माझ्या यजमानांनी हा धंदा उभा केला. बाजारात सगळ्या ट्रंका सपाट झाकणाच्या असत, तेव्हा यांनी कमानीचं झाकण काढलं. गोल, फुगीर, वर कमळाची वेल रंगवलेली. लोक बघायला यायचे. मुंबईचे व्यापारी एकामागून एक खेपा मागवायचे. हे गेले, त्यानंतर मी शेडवर बसू लागले. कारागिरांनी मला सांभाळून घेतलं, पण मुंबईची मागणी दर हंगामाला थोडी थोडी आटत गेली आणि शेवटी थांबलीच.

माझे धाकटे दीर दत्तूभावजी हिशेबी माणूस. ते रागावत नाहीत, कौतुक करत नाहीत. कशालाही "बघू" म्हणतात. पण त्या वर्षी गणपती उठल्यावर त्यांनी मला बसवून शांतपणे सांगितलं, "वहिनी, गुळाचा हंगाम आला. एक व्यापारी शेड वखारीला मागतोय. दसऱ्यापर्यंत तुमचं काही झालं तर ठीक, नाहीतर मी त्याला हो म्हणतो. कारागिरांची सोय वखारीत लावू." त्यांच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. म्हणूनच मला झोप येईना. कातर चालवणारे हात गुळाच्या ढेपा रचणार, आणि यांची वेल रंगवणारा म्हातारा रंगारी तर ढेपाही उचलू शकणार नाही.

म्हणून मी ट्रंक घेऊन निघाले. मुंबईला आमचा माल का नको झाला, हे एकदा आपल्या डोळ्यांनी बघून यावं, एवढाच विचार होता.

पुण्याला गाडी बदलून मी सकाळी दादरला उतरले. ते दिवस मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि जी पहिली भिंत दिसली तिच्यावर गेरूने हातभर अक्षरांत "झालाच पाहिजे" लिहिलेलं. काय झालं पाहिजे ते लिहायची गरजच उरलेली नव्हती. पुढच्या भिंतीवर तेच, दुधाच्या केंद्रावर तेच, एका दवाखान्याच्या पाटीखालीही तेच. आपल्याकडे मोर्चे निघतात, सभा होतात, पण इथे हवेलाच ताप आल्यासारखं वाटत होतं.

माझी चुलत नणंद इंदू दादरला राहते. तिचे यजमान कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या घरी मी उतरले. इंदूने गरम साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि ट्रंकेवरून हात फिरवत म्हणाली, "वहिनी, काय सुबक काम आहे गं! दादांची आठवण आली." तिच्या यजमानांनीही चष्मा पुसून ट्रंक न्याहाळली आणि "उत्कृष्ट" असा एकच शब्द काढला. मला बरं वाटलं. पण त्यांच्या घरात एकही ट्रंक नव्हती. कपाटं होती.

दुसऱ्या दिवशी मी ट्राममध्ये बसून गिरगावला गेले. ट्रंकेवरून कंडक्टरशी थोडी जुंपली. तो म्हणाला, सामान चालणार नाही. मी म्हटलं, सामान म्हणजे ज्यात काही असतं ते. उघडून दाखवली. तो हसला आणि मला मागच्या कोपऱ्यात उभं केलं. गिरगावातल्या आमच्या व्यापाऱ्यांचं दुकान मोठं. स्वच्छ गादी, पितळी तराजू, वर देवांच्या तसबिरी. नानासाहेब म्हणतात त्यांना. पिढ्यान् पिढ्या मुंबईतले, बोलणं पुणेरी, स्वभाव गोड. माझ्यासाठी त्यांनी शेजारून पियुष मागवलं. ते दाट, केशरी, थंडगार पियुष मी आजही विसरले नाही. पण पियुष पिता पिता मान वर केली तर काय दिसावं? माळ्यावर आमच्याच ट्रंका, ओळीने, धुळीत.

"नानासाहेब, माल खराब आहे का?"

"छे, छे! माल उत्तम. तुमच्या मालाबद्दल बोलायचीच सोय नाही."

"मग उठाव का नाही?"

"काळ, बाई. दुसरं काय?" त्यांनी हात जोडले. "आंदोलनाचे दिवस. आज हरताळ, उद्या सभा. माणूस ट्रंक घ्यायला बाहेर पडतो कुठे?"

पण शेजारच्या दुकानात छत्र्या खपत होत्या, पलीकडे स्टोव्ह खपत होते. मी पुन्हा विचारलं, एखादं गिऱ्हाईक काही म्हणालं का. नानासाहेबांनी पुन्हा कौतुक केलं. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ट्रंका घेणारे मुख्यतः गिरणगावातले चाकरमानी. कोकणातली माणसं. ती काही बोलत नाहीत. हात लावून बघतात, 'छान आहे' म्हणतात आणि जातात."

मी पायऱ्या उतरले तेव्हा माझ्या पदरात कौतुकाशिवाय काही नव्हतं. तीन वर्षं मी तेच खात होते, आणि त्याने पोट भरत नव्हतं.

परतीची ट्राम भायखळा ओलांडून लालबागला आली आणि थांबली. पुढे मोर्चा होता. कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. मी रस्त्याच्या कडेला ट्रंक ठेवून उभी राहिले. समोरून बायका चालल्या होत्या, नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, कडेवर पोरं घेतलेल्या, आणि त्यांच्या मागे गिरणीतले पुरुष. घोषणा अशा की पायाखालची फरसबंदी थरथरावी. मीही त्यांच्यासारखीच हात वर करून ओरडले आणि मग लाजून पदर सावरला.

तेवढ्यात एक पोलीस माझ्यापुढे उभा राहिला. "बाई, पेटीत काय आहे?"

"काही नाही."

"दगड आहेत का?"

मी झाकण उघडलं. त्याने आत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "रिकामी पेटी घेऊन मोर्च्यात कशाला आलात?"

"मी मोर्च्यात आले नाही. मोर्चा माझ्यात आला. मी कराडची. हा नमुना आहे."

"कराडच्या?" त्याचा आवाज एकदम उतरला. "मी पाटणचा. आत्याबाई, इथं उभं राहू नका. पुढं लाठी चालंल असं वाटतंय. त्या चाळीत जावा." आणि माझी ट्रंक त्याने स्वतः उचलून चाळीच्या दारापर्यंत आणली. जाताना इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "व्हायलाच पाहिजे ते. पण तुम्ही कडेनं जावा."

चाळीच्या तळमजल्यावर एक दार उघडं होतं आणि आतून माशाच्या कालवणाचा वास येत होता. दारात एक उंच, सावळी, साठीची बाई उभी होती, कपाळावर गोंदण, हातात पळी. तिने मला, ट्रंकेला आणि पुन्हा मला बघितलं.

"खयची गो तू?" (कुठची गं तू?)

मी सांगितलं.

"जेवलंस?"

"नाही."

"मगे भितर ये. (मग आत ये.) बाकीचा मागसून."

अशी माझी भागीरथीमावशींशी ओळख झाली. त्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर त्यांनी खानावळ घातली. दोन खोल्या, मागे चुलखंड, मदतीला दोन बायका. गावी बायकापोरं ठेवून आलेले चाकरमानी महिन्याच्या बोलीवर तिथे जेवायचे. सकाळपाळीचे, दुपारपाळीचे, रातपाळीचे, अशा पंगती दिवसभर उठत बसत. मला त्यांनी बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट कालवण), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी वाढली. आम्हा घाटावरच्या माणसांना मासा म्हणजे काट्यांची भीती. पण त्या दिवशी मी बोटं चाटली, खोटं कशाला सांगू?

बाहेर अश्रुधुराचा वास आला, दारं लागली, संध्याकाळपर्यंत रस्ते बंद झाले आणि दुसऱ्या दिवशीचा हरताळ जाहीर झाला. मावशी म्हणाल्या, रहा इथेच. समोरच्या दुकानातल्या टेलिफोनवरून इंदूच्या यजमानांच्या शेजाऱ्यांना निरोप दिला आणि मी राहिले. अनोळखी घरात इतक्या निर्धास्तपणे मी पूर्वी कधी झोपले नव्हते. मात्र पहिल्या मजल्यावरच्या एका दारावरून जाताना चाळीतले सगळे आवाज खाली करत. त्या घरातला मुलगा गोळीबारात गेला होता, असं मावशींनी मला सांगितलं आणि चुलीकडे वळल्या.

त्या घरातली एक एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. भाताचं पातेलं चुलीवरून उतरलं की ते भाताच्या तुसाने भरलेल्या लाकडी पेटीत जायचं. उशिरा येणाऱ्यालाही वाफाळता भात. म्हाताऱ्या जेवणाऱ्यांसाठी वेगळा मऊ भात. आणि बाजार बंद म्हणून सगळी मुंबई हात चोळत असताना मावशींच्या फडताळात सुका जवळा, कुळीथ आणि कोकम भरलेलं. मोर्च्याला जाणाऱ्यांना भाकरी आणि जवळ्याची चटणी फडक्यात बांधून तयार.

मी विचारलं, "मावशी, हे सगळं तुम्हाला सुचतं कसं?"

"माका खय सुचता? ह्येंच्या तोंडातसून येता," त्यांनी जेवणाऱ्यांकडे पळी केली. "उद्या रविवार. उणा काढूचो दिवस. बघ तू."

रविवारी दुपारी सगळ्या पाळ्यांचे लोक एकत्र जेवतात. हरताळामुळे त्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नव्हती. जेवण झालं, ताटं उचलली, आणि कोणी उठलं नाही. मावशी चुलखंडाच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मग एकेकाने बोलायला सुरुवात केली. बुधवारची आमटी पातळ होती. भाकरीची कड कच्ची राहते. दुपारपाळीला बांगड्याचं डोकंच येतं, शेपटी कुठे जाते? प्रत्येकाने एक उणं सांगायचंच. कौतुक करायचं नाही. आणि मावशी? त्यांनी एकदाही "पण" म्हटलं नाही, कारण सांगितलं नाही, कोणावर डोळे काढले नाहीत. प्रत्येकाला एकच उत्तर, "आयकलंय." (ऐकलं.)

खानावळ नवी होती तेव्हा माणसं यायची आणि न सांगता दुसरीकडे जायची. तेव्हा मावशींनी ही चाल घातली. त्या म्हणाल्या, "आमटी खारट म्हणून सांगता तो रवता (राहतो). गप बसता तो जाता." दर आठवड्याला सांगितलेल्यातलं एक तरी उणं भरून काढायचं, हा त्यांचा नेम. तुसाची पेटी रातपाळीवाल्यांच्या कुरकुरीतून आली. हरताळाचं फडताळ एका उपाशी राहिलेल्या दिवसातून आलं. मी मनात म्हटलं, आमच्या शेडवर मालकिणीपुढे कोणी चकार शब्द काढत नाही आणि आम्ही त्याला शिस्त म्हणतो.

माझी पाळी आली. मी हात जोडून म्हटलं, "मावशी, सगळं अगदी छान होतं."

पंगतीत खसखस पिकली. एक जण म्हणाला, "वयनीक आज कढी नाय." कौतुक करणाऱ्याची संध्याकाळची सोलकढी बंद, असा तिथला कायदा. मीही हसले आणि धीर करून ट्रंक मध्ये आणून ठेवली. म्हटलं, "भाऊ, आता माझंही उणं काढा. ही पेटी खपत नाही. का, ते मला कोणी सांगत नाही."

सगळे पुढे सरकले. झाकण उघडलं, मिटलं, वेलीवर बोटं फिरवली. आणि मग सुरू झालं. "बरी आसा." "झ्याक आसा, वयनी." "रंग काय सुंदर." गिरगावात ऐकलं तेच मी लालबागमध्ये ऐकत होते. मी काकुळतीने म्हटलं, खरं सांगा. तेव्हा तात्या गावकर म्हणून त्यांच्यातला वडीलधारा माणूस संकोचून म्हणाला, "पावण्यांच्या वस्तूक नावा कशी ठेवची?"

त्या माणसांचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडेही हेच. दारी आलेल्याचं मन मोडायचं नाही. अख्ख्या मुलखाची ही चांगुलपणाची सवय आणि तिने माझा धंदा बुडवत आणला होता.

मावशी उंबऱ्यावरून म्हणाल्या, "तू माझा उणा काढूक नाय. मगे ते तुझा कशाक काढतले? ते तुका पावणी म्हणान बघतत. आधी घरातली हो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आदल्या दुपारपासून जिच्या घरचं खात होते, जिने मला दंगलीतून आत घेतलं, तिला नावं ठेवायची? माझी जीभ उचलेना. पण उगाच मीठ कमी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि तिथे खोटं चालत नव्हतं. आदल्या दिवसापासून एक गोष्ट मला खुपत होती. मी तीच सांगितली.

"मावशी, सगळ्या पंगती उठल्यावर, भांडी घासून झाल्यावर तुम्ही तिघी जेवता. उरलेलं आणि गार. आमच्या घरीही बायका तशाच जेवतात, त्याचं मला नवल नाही. पण तुम्ही इथल्या मालकीण आहात. तुमची भाकरी तव्यावरून उतरल्यावर कशी लागते, हे या सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच ठाऊक नाही."

मावशींच्या दोन मदतनीस बायका भांडी घासायच्या थांबल्या. मला वाटलं, गेलं सगळं, आता ट्रंक उचलावी आणि चालू पडावं. मावशींनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आयकलंय."

आणि कुठून तरी मागच्या रांगेतून आवाज आला, "वयनी, ह्या पेटयेर दुसरी पेटी रवाची नाय. घसरता."

बोलणारा वासुदेव, गिरणीत रातपाळीला माग चालवणारा साचेवाला. एकदा त्याने तोंड उघडलं आणि मग बांध फुटला. सगळे एकदम बोलू लागले. माझ्या ध्यानात येईना, तेव्हा तात्या उठले आणि म्हणाले, चला, वरच दाखवतो.

दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या गावाची खोली. एकाच गावचे लोक मिळून ती भाड्याने घेतात. एक पाळी कामावर जाते तेव्हा दुसरी तिच्याच जागी झोपते. चटया बदलत नाहीत, माणसं बदलतात. आम्ही गेलो तेव्हाही काहीजण भिंतीकडे तोंड करून झोपलेले होते. आणि समोरच्या भिंतीला जमिनीपासून वर पत्र्याच्या ट्रंका, एकीवर एक, एकीवर एक. प्रत्येकाची सगळी मालमत्ता एका ट्रंकेत.

वासुदेव कुजबुजत म्हणाला, "माझी सगळ्यात खाली. रातपाळी करून इलंय की कपडे व्हये. वरच्यो पेटयो उतरूच्यो, तवसर सगळे उठतत. मगे शिव्यो खावच्यो." (रातपाळी करून आलो की कपडे हवेत. वरच्या पेट्या उतरवायच्या, तोवर सगळे उठतात. मग शिव्या खायच्या.)

तेव्हा माझी नजर वर गेली. रचलेल्या ट्रंकांच्या अगदी माथ्यावर एक कमानी झाकणाची ट्रंक होती. कमळाची वेल, पाकळ्यांना आतून गुलाबी रंग. तो रंग यांनी स्वतः निवडला होता. ती आमची होती, यांच्या हातची.

"ती माझी," तात्या मला कळेल अशा बोलीत म्हणाले. "वरची जागा मानाची. ती वडीलधाऱ्याची. त्याच्या पेटीवर काही ठेवायचं नसतं, म्हणून तिला कमान चालते. प्रत्येक गावाच्या खोलीत अशी एक आहे. एकच."

मला सगळं उमगलं. जोपर्यंत खोल्या उरल्या होत्या तोपर्यंत आमची ट्रंक खपली. प्रत्येक खोलीने आपल्या म्हाताऱ्यासाठी एक घेतली, आणि मग माथे संपले. खाली दबलेल्या माणसांसाठी आम्ही काही केलंच नव्हतं. यांची कमान मी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी जपली होती, तिला हात लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि आता तीच मोडावी लागणार होती. मी तिथेच, त्या झोपलेल्या माणसांमध्ये, पदर तोंडाला लावून रडले. मावशी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या घोवाची (नवऱ्याची) पेटी प्रत्येक खोलयेत वर बसली आसा. आणखी काय मान व्हयो? आता खालच्यांचा बघ."

मी डोळे पुसले आणि खालच्यांकडे बघितलं. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की ट्रंकांची झाकणं दिसतच नाहीत. दिसतात त्या फक्त पुढच्या बाजू. आणि पुढच्या बाजूला आम्ही एक कडी लावून मोकळे होत होतो.

"वासुदेवभाऊ," मी विचारलं, "झाकण वर नसलं आणि दार पुढे असलं तर?"

त्याने खालच्या ट्रंकेच्या पुढच्या बाजूवर बोटाने दार आखून बघितलं. मग दोघांनी एकदमच उणं काढायला सुरुवात केली. दार खाली पडणारं नको, झोपलेल्याच्या डोक्यावर आपटेल. बिजागरी बाजूला हवी. दार अर्ध्याच रुंदीचं पुरे. कडीचा आवाज होता कामा नये. मी एकेकाला "आयकलंय" म्हणत होते आणि माझा मालवणी उच्चार ऐकून झोपलेल्यांपैकी एक पांघरुणातल्या पांघरुणात हसत होता. इतकी नावं ठेवून घेऊन इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

त्या संध्याकाळी खानावळीत एक गोष्ट घडली. पहिल्या पंगतीला माणसं बसली, पण कोणी ताटाला हात लावेना. मध्ये मावशी आणि त्यांच्या दोन मदतनिसांसाठी तीन ताटं रिकामी ठेवली होती. तात्या म्हणाले, उणं भरून काढायचं तर आजच. मावशी रागावल्या, पळी उगारली, चुलीवर काय करपेल ते सांगितलं. शेवटी वासुदेव चुलीपाशी जाऊन बसला आणि मावशी पंगतीत. तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात पडली. त्यांनी तुकडा मोडला, चावला आणि म्हणाल्या, "कड कच्ची रवता खरी." सगळी खानावळ हसली. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

हरताळ उठला तशी मी निघाले. नमुन्याची ट्रंक तिथेच ठेवली. तात्यांच्या शेजारच्या खोलीतला एक माणूस नुकताच वडीलधारा झाला होता, त्याला ती दिली. मावशींनी पिशवीत कोकम आणि उकडे तांदूळ कोंबले. निरोप घेताना मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "नवी पेटी झाली की एक धाड. कौतुक करूचो नाय हां आम्ही."

कराडला आल्यावर मी कारागिरांना गोळा करून खोलीचं सगळं वर्णन केलं. पहिले दोन दिवस "बाई म्हणतील तसं" एवढंच ऐकलं. मग मीच बनवलेल्या एका वाकड्या दाराला आमच्या म्हाताऱ्या रंगाऱ्याने "हे काय कोंबड्यांचं खुराडं?" म्हटलं, आणि त्या दिवसापासून काम सुरू झालं. वेल मी सोडली नाही. ती झाकणावरून उतरली आणि पुढच्या दारावर आली.

आज मागे वळून बघते तेव्हा मला वाटतं, नवी कल्पना ही मालकाच्या डोक्यात उगवत नाही. ती गिऱ्हाईकाच्या ओठांवर येऊन अडलेली असते आणि आपल्या मानाला भिऊन आत परतते. तिला बाहेर यायला उंबरा मोकळा ठेवणं, एवढंच मालकाचं काम. हे मला शिकवणाऱ्या त्या माणसांचे उपकार कसे फिटायचे? स्वतःच्या मुलखासाठी ती रस्त्यावर उतरली होती, लाठ्या खात होती, आणि त्या धामधुमीतही एका परक्या बाईच्या रिकाम्या ट्रंकेसाठी त्यांच्याकडे एक दुपार होती.

दसरा तोंडावर आला तेव्हा ट्रंक तयार झाली. मी भावजींना शेडवर बोलावलं आणि म्हटलं, "कौतुक नको. उणं काढा." ते "बघू" म्हणाले आणि उकिडवे बसले. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. मग उठले, बाहेर गेले आणि गडीमाणसाकडून गुळाच्या ढेपा आत आणवल्या. गुळाच्या व्यापाऱ्याचा माणूस शेड बघायला त्याच दिवशी आला होता. ढेपा त्याच्याच गाडीतल्या. भावजींनी त्या एकावर एक ट्रंकेवर रचल्या, वरून स्वतः हाताने दाब दिला आणि दार ओढलं. दार उघडेना. चौकट वाकली होती.

"भार आला की अडकतंय," ते म्हणाले.

दसऱ्याला थोडेच दिवस उरले होते. मी कसंबसं म्हटलं, "ऐकलं."

भावजींनी त्या वाकलेल्या चौकटीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी कोट काढून खुंटीला लावला, बाह्या दुमडल्या आणि कारागिराकडे हात पुढे केला. "आतून लोखंडी पट्टी मारावी लागेल. जाड दे. पातळ नको."

व्यापाऱ्याचा माणूस दारात घुटमळत होता. त्याने विचारलं, "मग मालकांना काय सांगू?"

भावजींनी मान वर केली नाही. पट्टी मापाला लावत ते म्हणाले, "तुझ्या ढेपा तेवढ्या संध्याकाळपर्यंत राहू दे. अजून एकदा भार घालून बघायचाय. आणि मालकांना सांग, दुसरी जागा बघा. इथे काम चालू आहे."